बेथलेहेमला जाताय? एक रात्र तिथल्या घरी राहा

वसईहून पवित्र भूमीच्या यात्रेला जाणाऱ्या गटांना बेथलेहेमसाठी बहुतेक वेळा अर्धाच दिवस मिळतो. बस इस्रायलने उभारलेल्या भिंतीच्या आत, पॅलेस्टिनी भागात शिरते, येशूजन्माचं मंदिर होतं, मेंढपाळांचं शेत होतं, जैतुनाच्या लाकडाच्या एका दुकानात खरेदी होते आणि जेवायला मंडळी जेरुसलेमच्या हॉटेलात परत. माझं कळकळीचं सांगणं आहे, एक रात्र तिथेच काढा, तीही कुणाच्या तरी घरी. मी बेथलेहेमला लागूनच असलेल्या बेत साहूर गावी एका ख्रिस्ती कुटुंबाकडे राहिले होते. या गावांचं पोट यात्रेकरूंवर चालतं, आणि ऑक्टोबर २०२३मध्ये गाझातलं युद्ध सुरू झाल्यावर ते यायचे जवळजवळ थांबलेच.

निघण्याआधी भारतीय दूतावासाच्या सूचना वाचा. परिस्थिती बिघडलेली असेल तर हट्ट करू नका. विमानतळावर पासपोर्टवर शिक्का न मारता छोटी निळी चिठ्ठी दिली, तर ती पासपोर्टातच ठेवा, पुढे दाखवावी लागते. पिशवीत फळं कापायची सुरीसुद्धा नको.

जेरुसलेमच्या दमास्कस गेटजवळून २३४ नंबरची बस चेकपॉइंट ३००पर्यंत, म्हणजे बेथलेहेमच्या वेशीवरच्या इस्रायली तपासणी नाक्यापर्यंत जाते, २३१ शेजारच्या बेत जाला गावाकडे. सकाळी यजमानांना फोन करून आज कोणता रस्ता उघडा आहे ते विचारून घ्या. तिथली माणसं दिवसाची सुरुवात मोबाइलवर हेच बघून करतात, कारण नाके आणि गावांच्या तोंडावरची लोखंडी फाटकं कधी बंद होतील याचा नेम नसतो. जाताना सहसा कुणी अडवत नाही. तपासणी होते ती परतताना.

घरी पोचलात की पाणी जपून वापरा. गच्चीवर काळ्या टाक्या दिसतील. नळाला पाणी पाळीपाळीने येतं आणि उन्हाळ्यात दोन पाळ्यांमध्ये आठवडेच्या आठवडे जातात. मग टँकर. आपल्याकडच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको: अर्ध्या बादलीत आंघोळ, नळ सोडून दात घासणं नाही, कपडे धुवायचे ते जेरुसलेमला परतल्यावर. यजमान ‘असू दे, वापरा’ म्हणतील, तरी नाही. समोरच्या डोंगरावर हार होमाची वस्ती दिसते. अबू घनेम नावाच्या त्या टेकडीवर पाइनचं रान होतं. १९९७मध्ये तिथे इस्रायली वसाहतीचं बांधकाम सुरू झालं. तिकडे पाणी असं पाळीने येत नाही. अशा वसाहती बेकायदा आहेत, असं आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२४मध्ये पुन्हा स्पष्ट सांगितलं.

जेवताना मोठे राजकीय प्रश्न विचारू नका. दिवस कसा जातो ते विचारा, मुलं शाळेत कशी जातात ते विचारा. मी ईस्टरबद्दल विचारलं होतं. पुनरुत्थानाचं मंदिर तिथून जेमतेम दहा किलोमीटरवर, पण हिरवं ओळखपत्र असणाऱ्यांना, म्हणजे इथल्या पॅलेस्टिनी रहिवाशांना, तिथे जायला इस्रायलचा परवाना लागतो. एकाच घरात आईला मिळतो, वडिलांना मिळत नाही, मुलांचं काही कळतच नाही. झावळ्यांच्या रविवारच्या मिरवणुकीला आपण वसईहून जाऊ शकतो, आणि त्या घरातली आजी शेजारच्या गावाहून जाऊ शकत नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी परतताना चेकपॉइंट ३०० चालू असेल तर पायी ओलांडा. दोन्ही बाजूंना गज असलेली लांब चिंचोळी वाट आहे, पुढे लोखंडी फिरतं दार. सामान अंगासमोर धरा. पाठीवर सॅक असेल तर माणूस गजांत अडकतो आणि मागची रांग खोळंबते. मग विमानतळासारखा पट्टा. परदेशी पासपोर्ट बघून तुम्हाला दोन मिनिटांत सोडतील. शेजारच्या माणसाला कार्ड मशिनवर ठेवून कॅमेऱ्याकडे बघावं लागतं, आणि दिवा हिरवा होईपर्यंत तो श्वास रोखून उभा असतो. ‘तुम्ही पाहुणे, पुढे जा’ असं रांगेतले लोक म्हणतील. जाऊ नका, आपल्या नंबराने जा. फोटो काढू नका, सैनिकांचे तर नाहीच, रांगेतल्या माणसांचेही नाही. मोठ्याने हसणं-बोलणं, गटाने स्तोत्र म्हणणंही तिथे नको.

पायी जमणार नसेल तर २३१ने या. वाटेतल्या नाक्यावर पॅलेस्टिनी प्रवाशांना खाली उतरवून कागद तपासतात, पर्यटकांना बसून राहू देतात. वयस्करांना उतरता-चढताना हात द्या.

लाकडी गोठा किंवा क्रूस घ्यायचा तर यजमानांना सांगा, ते थेट कारागिराच्या कारखान्यात नेतील. घासाघीस करू नका.

हे सगळं तिथे गेल्यावर जमत नाही. पैसे भरण्याआधीच आयोजकांना आणि फादरना सांगा की बेथलेहेमचा मुक्काम लेखी हवा. ‘सुरक्षेचं काय’ असं विचारलं तर तिथल्या एखाद्या चर्चमार्फत घरं ठरवा म्हणावं, आणि गटातले चौघे-पाचजण तयार असले तरी पुरे.