पर्कोलेटरची कॉफी कडवट लागतेय? आधी नळी बघा

पावडर बदलून उपयोग नाही, बहुतेक वेळा घाण पर्कोलेटरच्या (उकळतं पाणी नळीतून वर चढून पावडरीवर पडतं ते कॉफीचं भांडं) मधल्या उभ्या नळीत असते. कॉफीचं तेल आतून चिकटून खवट होतं, मग चिकमंगळूरची भारीतली पावडर टाका नाहीतर काहीही. नळीत स्ट्रॉ धुवायचा बारीक ब्रश घाला, काळपट चिकट लगदा निघतो बघा, किळस येईल. मग जाळी, झाकण, नळी सगळं सुटं करून गरम पाण्यात दोन चमचे खायचा सोडा टाकून अर्धा तास ठेवा. हे स्टीलसाठी हां, अ‍ॅल्युमिनियम सोड्याने काळं पडतं, तिथे भांड्यांचा साबणच बरा.

आणि नाशकात ज्यांच्याकडे बोअरचं पाणी येतं त्यांच्या भांड्याच्या तळाला पांढरा थर धरतो तो सोड्याने जात नाही, त्याला लिंबूसत्त्व लागतं, रविवार कारंजाला किराणा दुकानात मिळेल, लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर टाकून कॉफीशिवाय एकदा उकळवा, नंतर दोनदा साधं पाणी. दोन्ही एकत्र टाकू नका, नुसता फेस होतो आणि दोन्ही वाया. इलेक्ट्रिकवालं पाण्यात बुडवायचं नाही अर्थातच. धुतल्यावर पूर्ण वाळेपर्यंत झाकण उघडंच ठेवा, पावसाळ्यात लगेच कुबट वास धरतो.