सातूला ज्वारीचं वेळापत्रक लावू नका

सोलापूरकडे सातू म्हटलं की आधी पीठच आठवतं. इथं बोलतोय ते हिरव्या वैरणीच्या सातूबद्दल, म्हणजे जवाबद्दल.

पहिल्या वर्षी मी हस्ताच्या पावसावर ज्वारीबरोबरच तो पेरला. ऑक्टोबरच्या उन्हात फुटवे जेमतेम दोन-तीन आले आणि वीतभर वाढला तोच पोटरीत आला, म्हणजे ताटाच्या पोटात ओंबी धरू लागला. याला थंडी लागते. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा बरा. वैरणीसाठी एकरी 40 किलो बी, ओळीत 22 सेंटिमीटर अंतर, खोली 4 ते 5 सेंटिमीटर. हलक्या रानात वाळवी बी खाते, म्हणून बीजप्रक्रिया करूनच पेरा.

कापणीत तर हमखास चुकतं. कडब्याची सवय असल्याने आपण पीक उंच व्हायची वाट बघतो. सातू 50 ते 55 दिवसांत, कांडी धरायच्या बेतात असताना चार बोटं बुडखा ठेवून कापावा. उशीर केला की वाढीचा कोंब वर सरकलेला असतो. विळ्याखाली तोच जातो आणि पुन्हा फूट येत नाही. कापल्यावर पाणी आणि थोडा युरिया द्या, फुटव्यावर दाणेही मिळतात. कुसळ कडक झालेली पेंढी मात्र दावणीत टाकू नका. आमची म्हैस हुंगून तोंड फिरवते, आणि खाल्लीच तर हिरड्यांत कुसळ रुततं.

कोवळ्या ज्वारीसारखं विष सातूत नसतं, हे खरं. पण युरिया भरपूर आणि पाण्याचा ताण, असं झालं की ताटात नायट्रेट साठतं. जनावर धापा टाकू लागलं तर ती वैरण बंद करून लगेच डॉक्टरांना बोलवा. नुसत्या सातूत प्रथिनंही बेताचीच. कुट्टीत मेथीघास मिसळा.

कालव्याखालच्या खारवट रानात सातू गव्हापेक्षा चांगला तग धरतो. म्हणून लोक चोपण, पाणी तुंबणाऱ्या तुकड्यातही पेरतात आणि तिथं तो पिवळा पडतो. क्षार सोसतो, पण मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. आधी चर काढा.

डाळिंबाच्या दोन ओळींत आच्छादन म्हणून पेरायचा तर ठिबकच्या पट्ट्यापासून लांब ठेवा, नाहीतर झाडाचंच पाणी पितो. ओंबी बाहेर पडायच्या आत कापून तिथंच पसरा. वाळका पेंढा रोटा मारून मातीत गाडून लगेच भाजी लावलीत, तर रोपं पिवळी पडतात: पेंढा कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात. फवारणीचा खर्च करण्याआधी थोडं नत्र देऊन बघा.