आधी भिंग, मग चित्र

जुन्या छापील चित्रांच्या नादी लागलो तेव्हा पहिली खरेदी सपशेल फसली. 'शंभर वर्षांपूर्वीचं एन्ग्रेव्हिंग', म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, म्हणून गळ्यात मारलेलं ते दोन महिने भिंतीवर मिरवलं. मग दहापट मोठं दाखवणारं भिंग हाती आलं. चित्रातल्या आभाळावर टेकवलं, तर निळे, गुलाबी, पिवळे ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे नीट मांडलेले! साधी ऑफसेटवर, म्हणजे आजच्या छापखान्यातल्या यंत्रावर छापलेली नक्कल.

म्हणून नवख्यांना सांगतो, पहिले पैसे भिंगात घाला. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रात अखंड रेघा दिसतात आणि शाई कागदावर किंचित उठून आलेली असते. बोट फिरवू नका, उजेड तिरपा पाडा, ती आपसूक दिसते. छापताना पत्रा कागदात रुततो, त्याची चौकोनी कड चित्राभोवती उमटते. (ही कड खोटीही पाडतात, तेवढ्यावर भुलू नये.) सेनेफेल्डरने 1796 च्या सुमारास शोधलेल्या लिथोग्राफीत सपाट दगडावरून छाप घेतात, त्यामुळे पत्र्याची कड नसते. खडूने काढलेलं असेल तर दाणे दिसतात, पण विस्कटलेले. ऑफसेटसारखे रांगेत नाहीत. एवढं डोळ्यात बसायला मला वर्ष लागलं. रोज वीस मिनिटं, दुसरं काही नाही.

कागदही बोलतो. उजेडासमोर धरून कागद बनवताना उमटलेल्या जाळीच्या रेघा, जलचिन्ह बघा. अतिनील दिव्याखाली तो निळसर पांढरा झगमगला तर सावध व्हा. कपडे धुण्याच्या पावडरीत असतात तसली चमक आणणारी द्रव्यं कागदात विसाव्या शतकाच्या मध्याला आली.

फ्रेमची पाठ मात्र हावरटासारखी वाचा. जुनी लेबलं, लिलावाचे क्रमांक, आधीच्या मालकाने पेन्सिलीने केलेल्या नोंदी. विक्रेत्याची गोष्ट कितीही रंगतदार असो, मी आता कागदपत्रं मागतो. बरेच जण तिथेच विषय बदलतात.

जपणुकीबद्दल थोडंसं. ऊन नको, मागे आम्लरहित पुठ्ठा हवा, काच कागदाला चिकटता कामा नये. आणि चिकटपट्टी कधीही नाही. एका चांगल्या लिथोग्राफची फाटलेली कड मी तिने जोडली होती; पट्टी केव्हाच गळून पडली, तपकिरी डाग तेवढा राहिलाय.