दोन पाकिटं, औषध एकच

सकाळी उठताना आईला घेरी यायची, पावलं सुजायची. तिच्या सगळ्या गोळ्या पलंगावर मांडल्या आणि ठळक नावाखालची बारीक अक्षरं वाचली. फॅमिली डॉक्टरांची एक, हृदयाच्या डॉक्टरांची दुसरी. नावं निराळी, पण दोन्हींत बीपी कमी करणारं औषध, अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ! स्वतःच्या मनाने काही बंद केलं नाही, अख्खी पिशवीच डॉक्टरांकडे नेली. त्यांनी एक गोळी थांबवली. गुडघ्यांसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळीही थांबवली, कारण या गोळीने बीपी वाढू शकतं, किडनीवर ताण येतो. घेरी थांबली, सूजही हळूहळू उतरली. आता मूळ औषधाचं नाव, मात्रा आणि वेळ मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद कपाटाच्या दाराला चिकटवलाय. कुठल्याही डॉक्टरांना आधी तोच दाखवतो. आणि स्ट्रिप कापायचीच असेल तर मुदतीची तारीख छापलेलं टोक शेवटपर्यंत राखा.