बुरशीच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती सावरताना: वॉर्डात नव्याने आलेल्या डॉक्टरांसाठी

अँफोटेरिसिन (बुरशी मारणारं औषध) लावलं की उपचार सुरू झाले, असं नव्या निवासी डॉक्टरला वाटतं. खरं काम त्यानंतरचं. रुग्णाची प्रतिकारशक्ती कशामुळे खाली बसली ते हुडकायचं आणि तेवढं कारण दूर करायचं. शक्ती 'वाढवणारी' इंजेक्शनं बऱ्याच जणांना लागतच नाहीत.

आधी औषधांची पिशवी रिकामी करून बघा. खानापूर, चिकोडी, निपाणीकडचे रुग्ण कधी बेळगाव, कधी मिरज, कधी कोल्हापूर असे फिरून आलेले असतात. कागद तीन गावचे, गोळ्या त्याहून जास्त. सांधेदुखीच्या किंवा दम्याच्या गोळ्यांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही प्रतिकारशक्ती दाबणारी स्टिरॉइड आहेत का ते पाहा. गजकर्णावर मेडिकलमधून आणलेल्या मलमाची ट्यूबही वाचा. क्लोबेटासोल हे स्टिरॉइड तिथेच सापडतं. मलम बंद करता येतं. स्टिरॉइडच्या गोळ्या मात्र तीन आठवड्यांहून जास्त चालल्या असतील तर एकदम तोडू नका, रक्तदाब कोसळेल. डोस पायरीपायरीने उतरवा.

म्युकरमध्ये (म्युकरमायकोसिस, ज्याला लोक काळी बुरशी म्हणतात) सगळी गणितं साखरेभोवती फिरतात. मधुमेहातल्या कीटोॲसिडोसिसमध्ये कीटोन साचून रक्त आम्लधर्मी झालं की ट्रान्सफेरिनची (रक्तात लोह वाहणाऱ्या प्रथिनाची) लोहावरची पकड सुटते आणि ते लोह बुरशीच्या कामी येतं. पांढऱ्या पेशीही मंदावतात. म्हणून नुसती साखर उतरली म्हणून समाधान मानू नका, पीएच आणि कीटोन सुधारले का ते बघा. लायपोसोमल अँफोटेरिसिन दिवसाला किलोमागे ५ मिग्रॅ, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३०० मिग्रॅ, ५० मिग्रॅच्या सहा व्हायल (औषधाच्या बाटल्या). प्रत्येक व्हायलमध्ये १२ मिली स्टराइल वॉटर घालून नीट हलवा, मग ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळा. मधुमेही आहे म्हणून कुणीतरी हमखास सलाईन जोडतं आणि औषध साकळतं. डेक्स्ट्रोजच वापरा, साखर इन्सुलिनने सांभाळा. मूत्रपिंडासाठीचं सलाईन आधी, वेगळं द्या आणि लाइन डेक्स्ट्रोजने धुऊन घ्या. इन्सुलिन आणि अँफोटेरिसिन दोन्ही पोटॅशियम खाली ओढतात. सोबत मॅग्नेशियमही तपासा, ते कमी असेल तर पोटॅशियम कितीही भरा, टिकत नाही. आणि सर्जनला पहिल्याच दिवशी बोलवा. सडलेल्या भागात रक्त जात नाही, तिथे औषधही पोचत नाही आणि पेशीही.

एचआयव्हीच्या रुग्णात घाई अंगलट येते. क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस (क्रिप्टोकॉकस बुरशीमुळे मेंदूच्या आवरणाला आलेली सूज) असताना एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) लगेच सुरू केली तर जागी झालेली प्रतिकारशक्ती मेंदूतच दाह उसळवते. बुरशीचे उपचार सुरू झाल्यावर चार ते सहा आठवडे थांबा. नातेवाइकांना हे समजावायला वेळ द्या, नाहीतर रुग्ण दुसरीकडे जातो आणि तिथे एआरटीच्या गोळ्या सुरू होतात. एलपी (मणक्यात सुई घालून पाणी काढणं) करताना त्या पाण्याचा दाब मोजाच. २५ सेंमीच्या वर असेल तर २० च्या खाली येईपर्यंत किंवा फारच जास्त असेल तर निम्मा होईपर्यंत पाणी काढा. नेहमीचा उपचार म्हणून डेक्सामेथासोन देऊ नका, त्याने नुकसानच दिसलं आहे. इंटरफेरॉन गॅमा या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या इंजेक्शनाने मणक्याच्या पाण्यातली बुरशी लवकर घटते, पण तो रोजच्या वापराचा उपचार नव्हे.

केमोच्या रुग्णात न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) खाली असतील तर जी-सीएसएफ (या पेशी वाढवणारं इंजेक्शन), दिवसाला किलोमागे ५ मायक्रोग्रॅम, रक्तरोगतज्ज्ञाला विचारून. फुफ्फुसात ॲस्परजिलस ही बुरशी असेल तर या पेशी वर येण्याचेच दिवस धोक्याचे असतात. त्या दिवसांत ऑक्सिजन पाहा, थुंकीतून रक्त पडतं का ते रोज विचारा.