होस्ट तपासणारी शेल स्क्रिप्ट लिहिताय? या चुका टाळा

होस्ट (नेटवर्कवरचं यंत्र) बंद असताना ‘चालू’ सांगणारी स्क्रिप्ट नसलेलीच बरी. स्क्रिप्ट नसेल तर माणूस निदान स्वतः डोकावून बघतो. यादी हिरवी दिसली की तेही कुणी करत नाही. म्हणून खोटं ‘चालू’ दाखवणाऱ्या चुकांपासून सुरुवात करू. खोटं ‘बंद’ दाखवणाऱ्या चुका त्रासदायक असतात, पण त्या आपोआप लक्षात येतात. फोन वाजतोच.

पिंगचं आउटपुट ग्रेपने वाचणं

कॉपी-पेस्ट होत सगळीकडे पोहोचलेली एक ओळ आहे: पिंगचं (होस्टला छोटी पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघणारी कमांड) आउटपुट ग्रेपला (मजकुरात शब्द शोधणारी कमांड) द्या, त्यात ‘0% packet loss’, म्हणजे एकही पॅकेट हरवलं नाही, हे शोधा, सापडलं तर होस्ट चालू. आता मेलेल्या होस्टला पिंग करा. आउटपुटच्या शेवटी शंभर टक्के पॅकेट लॉस असं येतं, आकड्यात १००%. त्या शंभरचं शेवटचं शून्य, टक्क्याचं चिन्ह आणि पुढचे शब्द, म्हणजे ग्रेप जे शोधतंय ते तिथे अक्षरशः आहे. झालं, होस्ट चालू! ५०% लॉसचाही निकाल चालू. गंमत म्हणजे ३ पैकी १ पॅकेट हरवलं तर लॉस ३३ टक्क्यांच्या आसपास येतो आणि तोच होस्ट तेवढा ‘बंद’ ठरतो.

शून्याच्या आधी स्पेस टाकून हे भागतं, पण मुळात शब्द वाचायलाच जाऊ नये. लिनक्सच्या नेहमीच्या पिंगचा एग्झिट कोड (कमांड संपताना मागे ठेवते तो आकडा) पुरेसा बोलका आहे: उत्तर आलं तर ०, एकही उत्तर आलं नाही तर १, आणि नावच सापडलं नाही यासारख्या इतर भानगडींना २. यातले १ आणि २ एकाच ‘बंद’मध्ये ढकलू नका. डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) कोलमडलं की सगळे होस्ट मेल्यासारखे दिसतात आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसता.

विंडोजवर गिट बॅशमधून (गिटसोबत येणारा बॅश शेल) स्क्रिप्ट चालवत असाल तर जास्तच सांभाळा. तिथे विंडोजचाच पिंग चालतो. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ हा जवळच्याच यंत्राने दिलेला नकारही तो ‘रिप्लाय’ म्हणून मोजतो आणि लॉस शून्य दाखवतो. पॅकेटची संख्याही तिथे डॅश सीने (-c) नाही, डॅश एनने (-n) द्यायची.

एग्झिट कोड हातातून निसटणं

कोड बघायचं ठरवलं तरी तो टिकतो फक्त पुढच्या कमांडपर्यंत. पिंगनंतर एक एको (मजकूर छापणारी कमांड) टाकला आणि मग डॉलर-प्रश्नचिन्ह ($?, शेवटच्या कमांडचा कोड) तपासलं, तर तो एकोचा निकाल असतो, आणि एको सहसा यशस्वीच होतो. पिंग थेट इफच्या अटीत लिहा, प्रश्नच मिटतो.

पाइपचंही तेच. लॉगसाठी पिंगपुढे पाइपने टी (tee, आउटपुट फाइलमध्येही लिहिणारी कमांड) जोडला की मिळणारा कोड टीचा. बॅशमध्ये सुरुवातीला पाइपफेल (पाइपमधलं कुठलंही अपयश कोडमध्ये दाखवणारी सेटिंग) चालू करा. उलट ‘सेट डॅश ई’ (कमांड फसली की स्क्रिप्ट थांबवणारी सेटिंग) लावून ठेवलं आणि पिंग इफच्या बाहेर असेल, तर पहिला बंद होस्ट भेटताच स्क्रिप्ट गुपचूप संपते आणि उरलेली यादी तपासलीच जात नाही.

कर्लचा (वेब पत्ता मागवणारी कमांड) शून्य तर आणखी फसवा. सर्व्हरने ५०० (सर्व्हरची आतली चूक) दिला तरी कर्लच्या दृष्टीने उत्तर आलं, काम झालं, कोड ०. डॅश एफ लावलं की ४०० आणि त्यापुढच्या उत्तरांना तो २२ देतो. कर्लचे आणखी काही कोड पाठ असलेले बरे: ६ म्हणजे नाव सापडलं नाही, ७ म्हणजे जोडणी झाली नाही, २८ म्हणजे वेळ संपली, ६० म्हणजे सर्टिफिकेट पटलं नाही. सूचना पाठवताना हा आकडा सोबत द्या. रात्री उठलेल्या माणसाला नुसत्या ‘डाउन’पेक्षा त्याचा उपयोग जास्त.

स्क्रिप्टवर भरवसा ठेवण्याआधी तिला मुद्दाम तीन मेलेली ठिकाणं खायला घाला. १९२.०.२.१ हा पत्ता दस्तऐवजांतल्या उदाहरणांसाठी राखीव आहे, तिथे कुणी नसतं. शेवटी ‘डॉट इनव्हॅलिड’ असलेलं कुठलंही नाव, ते कधीच नोंदलं जात नाही. आणि स्वतःच्याच मशीनवरचा, काहीही चालू नसलेला एखादा पोर्ट (सेवेचा क्रमांक दिलेला दरवाजा). पहिल्याला उत्तर येता कामा नये, दुसऱ्याला नाव सापडता कामा नये, तिसऱ्याला तात्काळ ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ यायला हवं. तिन्हींचा निकाल एकच येत असेल तर स्क्रिप्ट कुठेतरी फरक गिळतेय.

पिंग लागत नाही म्हणजे होस्ट बंद, असं मानणं

आयसीएमपी (पिंग वापरतो तो प्रोटोकॉल) अडवणारे फायरवॉल जागोजागी आहेत; क्लाउडवरच्या सर्व्हरना तर बऱ्याचदा पिंग मुद्दाम उघडावं लागतं. एनमॅपही (नेटवर्क स्कॅन करणारं टूल) सुरुवातीच्या चाचणीला उत्तर न देणारा होस्ट बंद धरून पुढे जातो. ते टाळायला डॅश कॅपिटल पी स्मॉल एन द्यावं लागतं. तुम्हाला वेबसाइट चालते का हे हवं असेल तर कर्लने वेबसाइटच तपासा. डेटाबेस हवा असेल तर त्याचा पोर्ट तपासा. ‘रिफ्यूज्ड’ आलं तर बहुतेक वेळा मशीन जिवंत आहे, सेवा पडलीय. टाइमआउट आला तर मशीन, रस्ता किंवा फायरवॉल.

पोर्टसाठी एनसीला (नेटकॅट, पोर्टशी जोडून बघणारी कमांड) डॅश झेड देणं सोपं, पण एनसीच्या तीन-चार जाती आहेत आणि सगळ्यांचे पर्याय सारखे नाहीत. नव्या मशीनवर आधी त्याचं मॅन पान उघडा. यूडीपीसाठी (आधी जोडणी न करता पॅकेट पाठवणारा प्रोटोकॉल) एनसीच्या ‘सक्सीडेड’वर विसंबू नका, समोरून काहीच आलं नाही तरी तो पोर्ट उघडा समजतो. बॅशची ‘/डेव्ह/टीसीपी’ची युक्ती (फाइल उघडावी तशी टीसीपी जोडणी उघडणं) छान आहे, पण ती बॅशचीच. डेबियन-उबंटूवर एसएच म्हणजे ‘dash’ नावाचा वेगळा शेल, तिथे ती चालत नाही.

आणि एका हरवलेल्या पॅकेटवरून कुणाला मेलेलं ठरवू नका. थोड्या अंतराने दोन-तीनदा विचारा.

यादीची फाइल

‘फक्त पहिलाच होस्ट तपासला जातो’ या तक्रारीचं कारण जवळजवळ नेहमी एसएसएच (दूरच्या मशीनवर कमांड चालवणारं टूल) असतं. व्हाइल-रीडच्या (यादी ओळीओळीने वाचणाऱ्या) लूपमध्ये फाइल स्टँडर्ड इनपुटवर असते, एसएसएचही तिथूनच वाचतं आणि उरलेली सगळी नावं एका घासात खाऊन टाकतं. एसएसएचला डॅश एन द्या. सोबत बॅचमोडही चालू ठेवा, नाहीतर एखादा होस्ट पासवर्ड मागत रात्रभर उभा राहील.

‘नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन’ येतंय, पण तेच नाव हाताने टाइप केलं की चालतंय? फाइल विंडोजवर बनलीय. प्रत्येक नावाच्या शेवटी न दिसणारं कॅरेज रिटर्न चिकटलंय. कॅटला डॅश कॅपिटल ए दिलं की ओळीच्या टोकाला टोपीवाला एम दिसतो. शेवटचाच होस्ट गळतो तेव्हा शेवटच्या ओळीनंतर एंटर नसतं.

आयपी सुबक दिसावेत म्हणून ००१, ००२, ०१० असे तीन अंकी करणं मात्र महागात पडतं. लिनक्सवर पुढचं शून्य म्हणजे अष्टमान पद्धत: १९२.१६८.१.०१० ला केलेला पिंग १९२.१६८.१.८ कडे जातो. चुकीचा होस्ट, बरोबर उत्तर. शोधून काढायला सगळ्यात कटकटीची चूक हीच.

वेळेची मर्यादा न घालणं

लिनक्सवर पिंगला डॅश सी दिलं नाही तर तो थांबतच नाही. टीसीपी जोडणीला मर्यादा दिली नाही आणि समोरून काहीच आलं नाही, तर कर्नलच्या मूळ सेटिंगप्रमाणे दोन मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ वाट बघितली जाते. कर्लला कनेक्ट-टाइमआउट आणि मॅक्स-टाइम दोन्ही द्या. जोडणी पटकन होऊन पुढे रखडणारे सर्व्हर दुसऱ्यानेच पकडले जातात. ज्या टूलला स्वतःची मर्यादा नाही, त्याच्या आधी टाइमआउट कमांड लावा. वेळ संपली की ती १२४ देते.

पिंगच्या डॅश कॅपिटल डब्ल्यूचं एकक लिनक्सवर सेकंद आहे, मॅकवर मिलिसेकंद. लिनक्सवरून नेलेला २ मॅकवर दोन मिलिसेकंद होतो आणि जरा लांबचे सगळे होस्ट बंद दिसतात.

२५४ पत्ते एकामागोमाग, प्रत्येकी दोन सेकंद धरले तरी सगळे बंद असताना साडेआठ मिनिटं जातात. एक्सआर्ग्सला (यादीतल्या प्रत्येकासाठी कमांड चालवणारं टूल) डॅश कॅपिटल पी देऊन वीस-वीस एकदम तपासा, किंवा सरळ एफपिंग (अनेक होस्टना एकदम पिंग करणारं टूल) वापरा. नेटवर्क दुसऱ्याचं असेल तर आधी परवानगी घ्या. क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सेवा) दर पाच मिनिटांनी लावलेली स्क्रिप्ट आठ मिनिटं चालत असेल तर एकीवर एक चढत जातात. एफलॉकने आधीची संपेपर्यंत दुसरी सुरूच होऊ देऊ नका.