डायमंड बीचवर संध्याकाळी लाँग एक्स्पोजर काढायला जाताय? मग ही तयारी करा

आइसलँडच्या दक्षिणेला योकुल्सारलोन नावाचं हिमनदीचं सरोवर आहे, त्यातले बर्फाचे तुकडे वाहत समुद्रात जातात आणि लाटा त्यातले काही परत काळ्या वाळूवर आणून टाकतात, तोच डायमंड बीच. तिथे संध्याकाळी ट्रायपॉड लावायचा विचार असेल तर बॅग भरायच्या आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडा. लाँग एक्स्पोजर म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवून काढलेला फोटो, त्यात पाणी हललं पाहिजे आणि बर्फ अजिबात हलता कामा नये, बाकी सगळी तयारी ह्या एका गोष्टीसाठी आहे. भरती चढत असताना प्रत्येक मोठी लाट तुकड्यांना उचलते, फिरवते, कुठेतरी नेऊन सोडते, म्हणजे दोन सेकंदांच्या फोटोतही कडा पुसट येणार. पाणी उतरायला लागलं की तेच तुकडे वाळूत रुतून बसतात, लाट येते, भोवती वळसा घालून परत जाते आणि तुकडा तसाच राहतो. म्हणून सूर्यास्ताच्या वेळी ओहोटी लागलेली असेल असा दिवस शोधा. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तीन-चार दिवस हाताशी ठेवले तर जुळायची शक्यता बरीच वाढते. तरी एखाद्या दिवशी किनाऱ्यावर बर्फच नसतो, हेही धरून चला, तेव्हा सरोवराकडे जायचं, रस्ता ओलांडला की तेच.

महिना कुठला ते आधी ठरवा, कारण जूनमध्ये तिथे नीट अंधारच पडत नाही आणि डिसेंबरच्या शेवटी दुपारी सव्वातीनच्या सुमारास सूर्य मावळतो. पण इतक्या उत्तरेला सूर्य तिरका उतरतो त्यामुळे संधिप्रकाश तासाभराहून जास्त टिकतो, हे आपल्या फायद्याचं. घाई न करता दोन-तीन तुकड्यांवर नीट काम करता येतं. मात्र उजेड सतत कमी होत असतो, दहा मिनिटांपूर्वीचं एक्स्पोजर आता चालणार नाही, दर काही फोटोंनंतर हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघाच. स्क्रीनवर भरवसा नको, अंधारात ती उजळच दिसते आणि घरी येऊन बघितलं की फोटो काळा निघतो.

आता शटरचं. लाट मागे जाताना वाळूवर आणि बर्फाभोवती ज्या पांढऱ्या रेषा उमटतात ना, त्या मला ह्या जागेचा जीव वाटतात, आणि त्या अर्ध्या ते दोन सेकंदांतच मिळतात. तीस सेकंद ठेवलं की सगळ्याचं धुकं होतं, ते सरोवराच्या शांत पाण्याला शोभतं, इथे नाही, शिवाय तिथेही तरंगणारा हिमनग तीस सेकंदांत सरकतोच, त्यामुळे तळाला टेकलेला तुकडा निवडायचा. बटण लाट येताना दाबू नका, ती पूर्ण वर चढून परत फिरली की दाबा. शक्यतो केबल रिलीज (वायरने जोडलेलं शटरचं बटण) वापरा, दोन सेकंदांचा टायमर लावला तर नेमकी तीच वेळ हुकते.

फिल्टर कुठला हे सगळे विचारतात. सूर्यास्तानंतर तीन आणि सहा स्टॉपचे एनडी (उजेड कमी करणारे काळसर फिल्टर, दर स्टॉपला उजेड निम्मा) पुरतात, दहा स्टॉपचा बहुतेक वेळा बॅगेतच राहतो. हिशोब सोपा आहे, फिल्टरशिवाय १/१५ सेकंद येत असेल तर तीन स्टॉपने अर्धा सेकंद, सहाने चार सेकंद आणि दहाने मिनिटाच्या वर, म्हणजे बल्ब मोड (शटर हवं तितका वेळ उघडं ठेवणारा) लागणार. अॅपर्चर एफ ८ ते ११, आयएसओ १००, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर बंद करा, फोकस फिल्टर लावायच्या आधी करून मॅन्युअलवर टाका. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनसुद्धा (सेन्सर तापून फोटोत येणारे ठिपके काढणारी सोय) बंद, कारण ते प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा अडकवून ठेवतं आणि थंडीत सेन्सर तसाही कमी तापतो.

तुकडा निवडायला वेळ द्या, सगळ्यात मोठा दिसला म्हणून धावू नका. पांढुरका तुकडा हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला असतो, त्यातून उजेड आरपार जात नाही. दाबाखाली घट्ट झालेला बर्फ काचेसारखा स्वच्छ आणि निळसर असतो, आत भेगा आणि एखाददुसरा बुडबुडा अडकलेला दिसतो. त्याच्या मागे आकाशाचा उजळ भाग येईल असं, अगदी गुडघ्याच्या उंचीवर लेन्स आणून उभे राहा, तुकडा आतून पेटतो.

ट्रायपॉडचे पाय वाळूत दाबून खोल रुतवा. प्रत्येक लाट जाताना पायाखालची वाळू ओढून नेते, त्यामुळे रुतलेला पायही दोन-तीन लाटांत खचतो, म्हणून फोटोच्या आधी एकदा वरून दाबायचंच, मधला दांडा वर काढायचा नाही. खारे तुषार तर लेन्सवर येणारच, मायक्रोफायबरची चार-पाच फडकी वेगवेगळ्या खिशांत ठेवा, आणि तोंडाने फुंकर मारू नका, वाफ काचेवर गोठते. बॅटऱ्या कॅमेऱ्यात एक आणि बाकीच्या आतल्या खिशात अंगाला लागून. थंडीत संपलेली वाटणारी बॅटरी ऊब मिळाली की पुन्हा थोडी चालते, टाकून देऊ नका. पातळ हातमोजे आत, जाड वर, गुडघ्यापर्यंत वॉटरप्रूफ बूट, डोक्याला टॉर्च. वाऱ्याचा अंदाज आणि रस्ते उघडे आहेत का, हे दोन्ही निघायच्या आधी बघा, रेक्याविकहून हे अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, समुद्राकडे पाठ करायची नाही. चार शांत लाटांनंतर अचानक एक खूप वरपर्यंत येते, आणि ती एकटी येत नाही, बर्फ घेऊन येते. एक घनमीटर बर्फ नऊशे किलोच्या वर भरतो, तो पायावर आपटला तर काय होईल ते सांगायला नको. आधी कॅमेरा न काढता दहा-पंधरा मिनिटं उभं राहून लाटा कुठवर येतात ते बघा, तुकड्याच्या आणि समुद्राच्या मध्ये कधीच जाऊ नका, तुकड्यांवर चढू नका. लाट आली आणि ट्रायपॉड अडकला तर सोडून द्या, खरंच सोडून द्या. शक्य असेल तर सोबत कुणीतरी असावं, एक व्ह्यूफाइंडरमध्ये असताना दुसऱ्याने पाण्याकडे बघायचं.

परतल्यावर उबदार खोलीत शिरायच्या आधी कॅमेरा झिप बॅगेत घालून बंद करा आणि तास-दोन तास उघडू नका, नाहीतर आतबाहेर पाणी धरतं. कार्ड आधीच काढून ठेवा म्हणजे फोटो बघण्यासाठी बॅग उघडावी लागणार नाही. ट्रायपॉड मात्र त्याच रात्री पाय पूर्ण लांब करून गोड्या पाण्याने धुवा, लॉक उघडून वाळू काढा, सकाळपर्यंत ठेवला तर मीठ धरतं आणि लॉक फिरेनासे होतात.